तुटलेला तारा म्हणजे काय?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आपणांपैकी पुष्कळजणींना आठवत असेल. पाडव्याचा दिवस होता. आकाशातून जळते गोळे, लांब शेपट्या ओढीत, एकामागून एक गेले. जो तो म्हणाला, "उल्का पडल्या!" मग सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला बैलगाडीच्या चाकाहून कितीतरी मोठे धातूचे कडे सापडले, आणि पवनपारला धातूचा गोळा. तो होता चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या अग्निबाणाचा अवशेष. इस्रोचे शास्त्रज्ञही येऊन पाहून गेले.

मग उल्का कशाला म्हणावे? सूर्याभोवती असंख्य खडे फिरत असतात. काही धुळीच्या कणाएवढे, काही मीटरभर. त्याहून मोठा तो लघुग्रह. असा खडा सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने आपल्या हवेत शिरला, म्हणजे तापून उजेड पडतो. ती उल्का. बहुतेक खडे वरच जळून संपतात. उरून जमिनीवर पडलेला दगड म्हणजे अशनी. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर अशाच एका मोठ्या आघाताने झाले आहे. म्हणजे तारा कधी तुटतच नाही. तारे जागच्या जागी असतात. तारा तुटला की कुणीतरी गेले, ही भीती मुलांच्या मनात घालू नये.

ओळखावे कसे, असे विचाराल. उल्का बहुधा क्षणात विझते. अग्निबाणाचे तुकडे सावकाश, पुष्कळ वेळ, ओळीने जाताना दिसतात. खड्यांना निसर्गाने घडविले, त्यांना माणसाने. म्हणून शास्त्र त्यांना उल्का म्हणत नाही.

हा शब्दांचा कीस नव्हे, बायांनो. दगड समजून मुले हात लावतील, कुणी भंगारात विकील. अग्निबाणाच्या टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. तेव्हा आकाशातून काहीही पडले तरी शिवू नये, पूजेला आणू नये; मुलांना दूर ठेवून पोलीस पाटलांना वा तहसील कचेरीत कळवावे.

आणि खऱ्या उल्का पाहावयाच्या असतील, तर डिसेंबरात १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीकडून येणारा वर्षाव पाहा. आपल्याकडचा काळोख शहरवाल्यांच्या नशिबी नाही. मात्र रानात जाऊ नका, वाघाचे राज्य आहे. घराच्या अंगणातूनच पाहा, आणि लेकरांना उठवून दाखवा.