दुष्काळ व शाळेचा गणवेश
(समितीच्या सभेंत झालेलें भाषण)



धान्य, चारा व पाणी यांचे जमाखर्च आपण आतांच ऐकिले. त्या यादींत नसलेल्या एका खर्चाविषयीं बोलण्याची परवानगी मी मागत आहें. तो म्हणजे नववी-दहावींतील गरीब मुलामुलींच्या गणवेशाचा.

पोटाची चिंता आहे तेथें पोशाखाची काय मातब्बरी, असें कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. १९७२ सालच्या दुष्काळांत धान्याचीच टंचाई होती; खडी फोडणाऱ्यांस सुकडी वाटावी लागली. अलीकडच्या अवर्षणांत रेशनच्या दुकानांतून धान्य मिळतें; घरांत नसतो तो रोख पैसा. खरीप बुडाला म्हणजे त्याची झळ पुढच्या जूनपर्यंत पुरते, आणि नेमकी तेव्हांच शाळा उघडते.

सरकार स्वस्थ बसलें असें नव्हे. समग्र शिक्षा योजनेंत पहिली ते आठवीच्या पात्र विद्यार्थ्यांस दोन गणवेशांकरितां ६०० रुपये ठरविण्यांत आले. २०१८ सालीं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हां जमीनमहसुलांत सूट मिळाली, कृषिपंपांच्या वीजबिलांत ३३.५ टक्के सवलत मिळाली, परीक्षेची फीही माफ झाली. उत्तमच झालें, पण फी माफ होण्यास मूल परीक्षेपर्यंत वर्गांत टिकावें लागतें!

आठवी संपली कीं योजनेचा गणवेश संपतो, आणि त्याच वयांत मुलगी अंगानें वाढते. जुना पोशाख तिला होत नाहीं. उसवलेल्या कपड्यांत चारचौघांपुढें उभें राहण्यापेक्षां ती घरीं राहणें पसंत करते. मग भावंडें सांभाळणें, टँकरच्या रांगेंत घागर धरणें. आणि बीडसारख्या जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीस जाणें. ज्या घरानें मुकादमाची उचल घेतली आहे, त्यास कामाचे दोन हात मागें ठेवणें परवडत नाहीं.

म्हणून गणवेश जूनमध्यें मिळाला तरच उपयोगाचा. २०२४-२५ सालीं राज्यानें मध्यवर्ती पद्धतीनें गणवेश पुरविण्याचें योजिलें; ते अनेक शाळांत फार उशिरां पोहोंचले, व डिसेंबरांत हें काम पुन्हां शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोंपविण्यांत आलें. यावरून आपण एवढें घ्यावें कीं, कापड तालुक्याच्या पेठेंतच खरेदी करावें, मापें एप्रिलांत शाळेंतच घ्यावीं व शिवण गांवच्याच शिंप्यास किंवा शिवणकाम येणाऱ्या स्त्रियांस द्यावें. दुष्काळ त्यांच्याही घरीं आहेच. शिवणींत दोन बोटें माया सोडावी, म्हणजे तोच पोशाख दहावींतही वाढवून वापरतां येईल.

आणखी एक. गणवेश शिक्षकांनीं मुलांच्या घरीं मुकाट्यानें पोंचते करावे. व्यासपीठावर बोलावून, हार-तुरे व छायाचित्रें यांच्या गर्दींत दिलेलें वस्त्र त्या वयाच्या मुलास अंगावर घालवत नाहीं. शहरांतील दात्यांनींही जुने कपडे पाठवूं नयेत. त्यांच्या वाहतुकीच्या खर्चांत येथें नवें कापड येतें.

वर्गणी, मग ती एका सदऱ्यापुरती असो, मेअखेरच्या आंत समितीच्या चिटणीसांकडे पोंचावी, ही विनंति. त्यानंतर आलेली रक्कम पुढील वर्षाच्या गणवेशखातीं जमा धरली जाईल.