डॉक्टरकी सोडून ड्रायव्हरकी?

(हीरक महोत्सवी समारंभात माजी विद्यार्थ्यांच्या वतीने केलेले भाषण)



साठ वर्षांच्या या शाळेत मी अकरा वर्षे शिकलो. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि महूच्या छावणीतून येणाऱ्या लष्करी गाड्यांवर इंग्रजी पाट्या, अशा इंदुरात आमचे बालपण गेले. पुढे वैद्यकीय पदवी घेऊन मी लष्कराच्या वैद्यकीय सेवेत गेलो आणि तिथूनच निवृत्त झालो. तेव्हा मी लष्करातल्या डॉक्टरकीबद्दल बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा असणार. परंतु गेल्या दोन दिवसांत निदान सहा-सात पालकांनी मला एकच प्रश्न विचारला : मुलाने अर्ध्यावर वाट बदलली, तर आधीची वर्षे वाया जात नाहीत का? या प्रश्नाशी माझे जुने नाते आहे. म्हणून आज मी माझ्याबद्दल थोडे आणि एका फ्रेंच डॉक्टर बाईंबद्दल अधिक बोलणार आहे.

त्यांचे नाव व्हॅलेरी आंद्रे. जन्म २१ एप्रिल १९२२, स्ट्रासबुर्ग. विमानाचे वेड लहानपणापासूनचे. मारीज इल्झ या त्या काळच्या नामांकित वैमानिक महिला त्यांच्या गावी आल्या, तेव्हा त्यांना पुष्पगुच्छ देण्याचा मान या मुलीला मिळाला होता. पुढे वैद्यकशास्त्राचे शिक्षण सुरू असताना महायुद्ध आले, जर्मनांचा ताबा आला, शहर सोडावे लागले. हे सारे सोसून १९४८ साली त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हवाई छत्रीने उडी मारणाऱ्यांना होणाऱ्या दुखापती, आणि विषय केवळ पुस्तकातून कळू नये म्हणून स्वतः उड्या मारण्याचे शिक्षणही त्यांनी घेतले होते. त्याच वर्षी लष्करी डॉक्टर म्हणून त्या इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनाममध्ये गेल्या आणि काही काळाने सायगॉनच्या लष्करी रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियांमध्ये साहाय्यक म्हणून काम करू लागल्या.

इथे एक खुलासा करतो. ते युद्ध वसाहत टिकवण्यासाठी चाललेले होते. स्वातंत्र्यासाठी लढलेल्या देशात जन्मलेल्या आपणा श्रोत्यांची सहानुभूती कोणाकडे असेल, हे मला सांगावे लागू नये. पण पोटात गोळी लागलेल्या माणसाला इतिहासाची बाजू विचारून टाके घालता येत नाहीत, हे मी माझ्या नोकरीत शिकलो.

मेंदूच्या शस्त्रक्रियेत वेळेचा हिशेब निर्दय असतो. कवटीच्या आत रक्त साचू लागले की दाब वाढतो, आणि कवटी हाडाची असल्याने तो दाब बाहेर जाऊ शकत नाही. काही तासांत पोहोचलेला रुग्ण वाचण्याची आशा असते. तोच दोन दिवस डोलीतून चिखल आणि दाट जंगल ओलांडत आला, तर शल्यविशारदाच्या हातात फारसे काही उरत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी कितीही कुशल डॉक्टर उभा असला, तरी त्याचे कौशल्य टेबलापर्यंत पोहोचणाऱ्यांच्याच कामाचे.

१९५० मध्ये सायगॉनला दोन लहान हेलिकॉप्टरे आली, हिलर ३६० जातीची. अलेक्सी सांतिनी नावाच्या वैमानिकाने त्यांचे प्रात्यक्षिक दाखवले. ते पाहणाऱ्यांत डॉक्टर आंद्रे होत्या. त्यांनी हे यंत्र स्वतः चालवायचे ठरवले, फ्रान्सला परत जाऊन शिक्षण घेतले आणि वैमानिक होऊन पुन्हा इंडोचायनात आल्या. हे मी दोन वाक्यांत सांगितले. एका स्त्री डॉक्टरला त्या काळी यासाठी किती दारे ठोठवावी लागली असतील, याची कल्पना सभागृहातल्या भगिनींना माझ्याहून अधिक येईल.

आता त्या यंत्राविषयी. हिलर म्हणजे पारदर्शक घुमटाखाली बसलेला चालक, मागे सुमारे पावणेदोनशे अश्वशक्तीचे इंजिन आणि दोन्ही बाजूंना, बाहेर, एकेक झोळणी. जखमी माणसाला ठेवायचे ते त्या झोळण्यांत. उष्ण आणि दमट हवा विरळ असते. तिच्यात पात्यांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा दमही लवकर सरतो. त्यामुळे वजनातला प्रत्येक किलो मोजावा लागे. आंद्रे बाई लहानखुऱ्या चणीच्या होत्या आणि ती चण इथे उपयोगी पडली. चालक हलका असला की तेवढी सवलत जखमींना मिळते! हेलिकॉप्टरला बिनतारी संदेशांत 'पंखा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाने हाक मारत, आणि पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकाच्या शीर्षकात त्यांनी तोच शब्द घेतला.

पण खरी गोष्ट पुढे आहे. झोळणी बाहेर असल्यामुळे एकदा यंत्र उडाले की चालकाचा हात जखमीपर्यंत पोहोचत नाही. वाटेत रक्त वाहू लागले, श्वास अडकला, तरी काही करता येत नाही. म्हणजे जे काही करायचे ते जमिनीवर, उडण्यापूर्वी. कोण हा प्रवास सोसेल, कोणाला इथेच शस्त्र लावले पाहिजे, कोण दुसऱ्या फेरीपर्यंत तग धरेल, हे डॉक्टरने ठरवायचे असते. आंद्रे यांच्या बाबतीत तो डॉक्टर आणि तो चालक एकच होता.

११ डिसेंबर १९५१ ची गोष्ट. काळ्या नदीकाठच्या तू वू येथे जखमी अडकले होते. उपलब्ध असलेले एकमेव हेलिकॉप्टर सायगॉनला होते. ते सुटे करून मालवाहू विमानातून हनोईला नेले आणि तिथे पुन्हा जोडले. दाट धुके आणि खालून होणारा गोळीबार यांतून आंद्रे तिथे उतरल्या. त्यांनी जखमींची प्रतवारी केली, ज्यांना थांबता येत नव्हते त्यांच्यावर तिथेच शस्त्रक्रिया केली आणि मग तातडीच्या रुग्णांना दोन-दोन करून हनोईला नेले. दोन-दोन हा शब्द कृपया लक्षात ठेवा.

इंडोचायनात त्यांनी हेलिकॉप्टरच्या १२९ मोहिमा केल्या आणि १६५ जखमींना बाहेर काढले. पुढे अल्जीरियात आणखी ३६५ मोहिमा झाल्या. १९६३ मध्ये त्यांनी त्याच सांतिनींशी विवाह केला. १९७६ मध्ये त्या फ्रान्सच्या पहिल्या महिला जनरल झाल्या, त्याही वैद्यकीय सेवेच्या. याचा अर्थ, ज्या डॉक्टरकीला त्यांनी सोडले असे लोक समजत होते, तिनेच त्यांना शेवटी सर्वोच्च पद दिले. जानेवारी २०२५ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आता माझे. अल्जीरियात आंद्रे यांनी जी यंत्रे चालवली त्यांत आलुएत २ हे हेलिकॉप्टर होते. त्याच्या सांगाड्यावर आलुएत ३ चे इंजिन आणि पाती बसवून, भारतीय सेनादलांच्या गरजेसाठी, फ्रेंचांनी एक यंत्र तयार केले. आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ते बनवले. त्याचेच नाव चीता. लडाखमध्ये, सियाचीनच्या परिसरात, शेकडो जवानांचे प्राण या चीताने वाचवले आहेत. त्याची धडधड ऐकली की आजही माझी मान आपोआप वर जाते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मी लडाखमध्ये एका उंचावरच्या वैद्यकीय ठाण्यावर होतो. तिथला मोठा शत्रू म्हणजे विरळ हवा. धडधाकट जवानाच्या फुफ्फुसात पाणी भरू लागते, ओठ निळे पडतात, छातीत बुडबुड्यांसारखा आवाज येतो. प्राणवायू द्यावा, औषध द्यावे, पण खरा उपाय एकच : त्याला खाली न्यायचे. उतार हेच औषध, आणि ते औषध हेलिकॉप्टरच्या हातात.

एका सकाळी माझ्याकडे असे दोन रुग्ण होते. एक चाळिशीचा हवालदार, जवळजवळ बेशुद्ध. दुसरा बावीस वर्षांचा, दम लागलेला, पण बोलणारा. ढगांतून एक चीता कसाबसा आला. त्या उंचीवर एकच रुग्ण नेता येणार होता. मी सोबत जावे, हा प्रश्नच नव्हता. माझे वजन म्हणजे एका रुग्णाची जागा. शिकवल्याप्रमाणे मी हवालदाराला पाठवले. दुपारी ढग उतरले. दुसरी फेरी झाली नाही. त्या मुलाची अवस्था संध्याकाळनंतर बिघडत गेली आणि पहाटेपूर्वी तो गेला.

सकाळी तोच वैमानिक आला. तिथे इंजिन बंद करत नाहीत. त्याने चालू पात्यांखालूनच माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली. हवालदार लेहला पोहोचला तेव्हा पाणी मागत होता, एवढे त्याने मला ओरडून सांगितले. मग आम्ही दोघांनी त्या मुलाला उचलून आत ठेवले.

त्या हिवाळ्यात मी एक अर्ज लिहिला. मला वैमानिकाचे शिक्षण द्यावे, असा. लष्कराचे स्वतंत्र हवाई दल, आर्मी एव्हिएशन कोअर, १९८६ मध्ये स्थापन झाले होते. माझ्या खात्यातून तिकडे जाण्याची वाट नव्हती, हे मला ठाऊक होते. तरी लिहिला. सुट्टीवर घरी आलो, वडिलांना वाचून दाखवला. टपाल खात्यात आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "अरे, डॉक्टरकी सोडून ड्रायव्हरकी?"

त्यात कुचेष्टा नव्हती, पालकहो. त्यांनी माझ्या फीसाठी काय विकले होते, हे त्यांना आठवत होते, मलाही. शल्यविशारद घडायला दहा-बारा वर्षे लागतात, वैमानिक त्याहून लवकर तयार होतो. मग महागडा माणूस स्वस्त कामाला का लावावा? माझ्या एका वरिष्ठांनीही हाच हिशेब मांडला असता. हिशेब चुकीचा नाही. कोरियाच्या युद्धात अमेरिकनांनी तसेच केले : हेलिकॉप्टर चालवणारा वेगळा, शस्त्रक्रिया करणारा वेगळा. बहुतेक ठिकाणी तेच योग्यही आहे.

मी अर्ज पाठवला नाही. नियम आड आला असे मी पुढे अनेक वर्षे लोकांना सांगत असे. खरे हे की, नियम काय म्हणतो ते मी विचारलेच नाही.

मी उडायला शिकलो असतो तर तो मुलगा वाचला असता का? नाही. माझ्याकडेही एकच जागा असती. आंद्रे बाईंकडेही दोनच होत्या. तू वूच्या काठावर प्रत्येक फेरीला कोणीतरी मागे राहतच होते. मग वाट बदलून त्यांना काय मिळाले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, निवड करणारा हेलिपॅडवर उभा राहत नाही, तोच रुग्णाला घेऊन जातो आणि तोच परत येतो. ती पुढची फेरी त्या स्वतः मारू शकत होत्या. मी आकाशाकडे पाहत राहिलो होतो.

म्हणून वाट बदलू पाहणाऱ्या मुलाला, आधीची वर्षे वाया जातील का, हे विचारण्याआधी एक वेगळा प्रश्न विचारून पाहावा, असे मला सुचवायचे आहे : आधी शिकलेल्यातले काय तू तिकडे घेऊन जाणार आहेस? त्याच्याजवळ उत्तर असेल, तर निदान अर्ज तरी पाठवू द्या. उत्तर नसेल तर थांबवा. तेही पालकाचेच काम आहे, आणि माझ्या वडिलांनी ते प्रामाणिकपणे केले, असे मी आजही मानतो.

उद्या सकाळी दहा वाजता विज्ञानकक्षात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मी थांबणार आहे. चीताची एक लाकडी प्रतिकृती आणली आहे आणि खरे स्ट्रेचरही. रुग्णाला त्यावर कसे बांधतात, उंचावर पात्यांना उचल का कमी मिळते, हे करून पाहता येईल. स्ट्रेचरवर झोपायला एक हलका विद्यार्थी लागेल.