वेगळा पेला ठेवू नका

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज मी एचआयव्हीबद्दल बोलणार आहे. हा काय वर्धापनदिनाचा विषय झाला, असं कुणी म्हणेल. पण या सभेत असा एखादा भाऊ किंवा बहीण बसलेली असेल, की गेल्याच आठवड्यात हातात रिपोर्ट पडलाय आणि घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. माझं बोलणं आधी त्यांच्यासाठी आहे.

बाबांनो, हा रिपोर्ट म्हणजे मरणाची चिठ्ठी नव्हे. एके काळी होती. १९८६ साली आपल्या देशात मद्रासला हा विषाणू प्रथम सापडला, तेव्हा त्यावर औषध नव्हतं. पुढे औषधं आली, पण गरिबाला परवडत नव्हती. १ एप्रिल २००४ पासून सरकारने ती मोफत द्यायला सुरुवात केली. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. रोग मुळापासून जात नाही, पण गोळी वेळेवर घेणारा माणूस नोकरी करतो, संसार करतो, नातवंडं बघतो.

तेव्हा भोंदूबाबाकडे जाऊ नका, अंगारे-धुपारे करू नका. तो मार्ग आपण १९५६ सालीच सोडला. सरळ सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जा. आपल्या मालाडकरांना कांदिवलीचं शताब्दी, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय जवळ आहे. तिथे चौकशी करा. १०९७ या नंबरवर फुकट माहिती मिळते. क्षयाची तपासणी करून घ्या. नवरा-बायकोने दोघांनीही तपासून घ्या. बाई गरोदर असेल तर लवकर जा. औषध चालू असेल तर बहुतेक बाळं निरोगी जन्मतात. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नका. नियमित औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

आता घरच्यांना सांगतो. लागण होते ती निरोध न वापरता झालेल्या संबंधातून, दूषित रक्तातून, वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने होत नाही. चाळीच्या सामाईक संडासाने होत नाही. एका पेल्यातून पाणी प्यायल्याने होत नाही. मग त्याचा पेला वेगळा का ठेवता? वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना विचारा! २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते आपल्याच घरात नवी शिवाशिव पाळण्यासाठी नव्हे.

याच मुंबईत एका हंगामी कामगाराला केवळ एचआयव्ही आहे म्हणून काम नाकारलं. तो हायकोर्टात गेला. कोर्टाने त्याचं नाव गुप्त ठेवलं आणि १९९७ साली निकाल दिला, की काम करायला सक्षम असलेल्या माणसाला या कारणावरून काढता येणार नाही. त्याला चाळीस हजार रुपये भरपाईही मिळाली. २०१७ साली कायदाच झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात, भाड्याच्या खोलीत भेदभाव करता येत नाही. संमतीशिवाय तपासणी नाही, आणि कुणाचा रिपोर्ट गल्लीभर करणं हाही अपराध समजा.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या आजाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो कुणाच्या उपयोगी नाही म्हणून इतर भिक्खू फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला आंघोळ घातली, उचलून खाटेवर ठेवलं. मग संघाला बजावलं, की इथे तुमचे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांना पाहिलं नाही तर कोण पाहणार? हा आजार कसा झाला, असं त्यांनी त्या भिक्खूला खडसावलं नाही. आपणही ते विचारू नये.

आज पंचशील घेऊन घरी जाताना एवढा निश्चय करा. कुणी विश्वासाने सांगितलं तर ते पोटात ठेवा, आणि आपल्याच पेल्यातून त्याला पाणी द्या.

नमो बुद्धाय! जयभीम!