खाणीचा गाळ आणि घराची भिंत



25 जानेवारी 2019 रोजी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, ब्राझीलमधील ब्रुमाडिन्यो गावाजवळचे लोहखाणीचे एक धरण फुटले. धरण 86 मीटर उंच. आत ओला गाळ भरलेला. पायथ्याशी खाणीचे उपाहारगृह होते आणि वेळ जेवणाची होती. 270 माणसे मेली. नवलाची गोष्ट अशी की, 2016 पासून त्या धरणात नवा गाळ टाकणेच बंद होते. निजलेले धरण फुटले!

हा गाळ येतो कोठून? खनिज बाहेर काढले की ते दळतात, पाण्याने धुतात, कामाची धातू वेगळी करतात. उरते ती पातळ राड. इंग्रजीत तिला टेलिंग्ज म्हणतात, आपण धुवणीचा गाळ म्हणू. सोन्याच्या खाणीत तर टनभर दगडामागे हाती काही ग्रॅमच सोने लागते, बाकी सारा गाळच. कोलारच्या सोन्याच्या खाणी 2001 साली बंद पडल्या. तिथले ढीग मात्र वस्तीलगत उभेच आहेत. ब्रुमाडिन्योला जुन्या गाळावरच नवा बांध चढवीत नेला होता, म्हणजे पाया आणि भिंत दोन्ही गाळाचीच.

मग मनात सहज येते की, इकडे नद्या वाळूसाठी खरवडल्या जात आहेत आणि तिकडे दळलेल्या दगडाचे डोंगर पडून आहेत. त्याचेच काँक्रीट का करू नये? विचार खुळचट नाही. ब्रुमाडिन्योचे धरण ज्या कंपनीचे, तिनेच 2020 मध्ये त्याच राज्यातील पिको खाणीवर गाळापासून बांधकामाचे ठोकळे करण्याचा कारखाना काढला. उशिरा सुचलेले शहाणपण, पण शहाणपणच.

तथापि गाळ म्हणजे वाळू नव्हे. आमचा जुना गवंडी वाळू तळहातावर चोळतो आणि हात मळला की नाक मुरडतो. त्याचे बरोबर असते. कण जितका बारीक तितके त्याचे अंग जास्त, आणि ते सारे भिजवावयास पाणी जास्त. माल घट्ट वाटला की आणखी एक बादली ओतली जाते. ते जादा पाणी पुढे उडून जाते, मागे छिद्रे राहतात आणि काँक्रीट कमजोर होते. म्हणून गाळातील रवाळ भाग वेगळा काढून वाळूच्या काही हिश्श्यापुरताच वापरणे बरे. लोहखाणीच्या गाळात गारेचे कण पुष्कळ असतात, ते या कामी चालतात. गोव्यात डिचोली-सांगे भागातील खनिज धुतल्यावर उरणारा गाळ मात्र फार बारीक, चिकणमातीच्या वळणाचा. त्याला वाळूच्या जागी बसविणे कठीण, विटांकडे वळविणे अधिक सुकर.

खरे भय वेगळेच आहे. पुष्कळ खनिजांबरोबर लोह-गंधकाची संयुगे येतात. हवा आणि ओल मिळाली की ती गंजतात, गंधकाम्ल होते, आणि त्यातून निघालेली सल्फेटे सिमेंटशी मिळून फुगतात. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात हजारो घरांचे पाये असेच तडकले. तिथे दोष गाळाचा नव्हता, एका दगडखाणीच्या खडीचा होता. पण तिच्यातले खनिज याच जातीचे, पायऱ्होटाईट नावाचे. तडे दिसावयास पंधरा-वीस वर्षे लागली. औषध एकच: घर उचलून धरावयाचे आणि खालचा पाया काढून नवा घालावयाचा. अठ्ठावीस दिवसांच्या चाचणीत उत्तम उतरलेला ठोकळा पुढच्या पिढीला दगा देतो, तो असा. शिवाय काही गाळांत आर्सेनिक किंवा शिसे असते. ठोकळ्यातून ते पाण्यात झिरपते की नाही, हे निराळेच तपासावे लागते. तेव्हा कोणी तुम्हांस स्वस्त ठोकळे देऊ केले, तर भार किती सोसतो एवढेच विचारू नका. आत गंधक किती, तेही विचारा.

राहता राहिले भाडे. खाणी दूर, शहरे दूर. गाळाला किंमत नाही, पण ट्रकला आहे. म्हणून गाळ ज्या गावाच्या उशाशी साचला, त्याच गावचे रस्ते, गटारे आणि कुंपणे यांना तो पहिल्याने लागावा, आणि बाकीचा थोडे सिमेंट कालवून खाणीच्याच पोकळीत परत भरावा. अनेक देशांतील भूमिगत खाणींत हे काम नित्य चालते.