घराचे दोष आणि व्यवहारातील सचोटी

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील सांगत आले. घर विकणेही तितकेच कसोटीचे असते, हे मला वडिलांचे घर विकताना उमगले.

तालुक्याच्या गावातील ते घर काळ्या मातीवर उभे होते. मागच्या भिंतीला ओल येई आणि खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग वर गेली होती. गिऱ्हाईक येणार म्हणून आम्ही भावंडांनी भेग बुजविली व भिंतीला रंग दिला. घर पाहावयास आले ते एक प्राथमिक शिक्षक. आयुष्याची पुंजी आणि वर कर्ज, असा त्यांचा हिशेब होता. सोबत त्यांनी जाणता गवंडी आणला होता. त्याने भिंत ठोकून पाहिली, गिलाव्याचा पोकळ आवाज ऐकला आणि आमच्याकडे नुसते पाहिले. गुरुजी एवढेच म्हणाले, "आधी सांगितले असते, तर बरे झाले असते." आमच्या माना खाली गेल्या.

कायद्याची अपेक्षाही हीच आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्यास ठाऊक असलेला, परंतु खरेदीदारास सर्वसाधारण काळजी घेऊनही न आढळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे; मग तो वास्तूतील असो वा मालकीहक्कातील. तो दडविणे कायद्याने कपट ठरते. मात्र डोळ्यांना सहज दिसणारा दोष पाहून घेणे हे खरेदीदाराचे काम आहे.

म्हणून घर शक्यतो पावसाळ्यात पाहावे. छपराचे वासे, वाळवी, पन्हळी, पायाशी साचणारे पाणी, विजेच्या तारा व अर्थिंग, सांडपाण्याची वाट हे सर्व तपासावे. स्लॅबचा गिलावा सुटून गंजलेली सळई दिसत असल्यास अभियंत्याचा सल्ला घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते; त्यामुळे भिंतींना भेगा पडतात. अशा भेगेवर काचेची पट्टी दोन्ही बाजूंना पक्की बसवून तारीख लिहावी. पुढे काच तडकली, तर भेग वाढत आहे असे समजावे.

दोष आढळला म्हणजे व्यवहार मोडलाच, असे नव्हे. विक्रेत्याने दुरुस्ती करून द्यावी, खर्चाइतकी किंमत कमी करावी, किंवा दोष पत्करून खरेदीदाराने तसे मान्य करावे, असे मार्ग आहेत. दोष मोठा असेल व एकमत होत नसेल, तर सामोपचाराने दूर व्हावे. मात्र जे ठरेल ते साठेखतात लिहावे: काम कोणते, ते कोणी व केव्हापर्यंत करावयाचे, न झाल्यास विसाराच्या रकमेचे काय. खरेदीखताची नोंदणी झाल्यावर तोंडी आश्वासनाचा आधार घेणे कठीण जाते. नव्या प्रकल्पातील घराची गोष्ट निराळी. तेथे स्थावर संपदा अधिनियम, २०१६ अन्वये ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने तो ३० दिवसांत विनाशुल्क दूर करावयाचा असतो. जुन्या घराच्या खरेदीदारास असा आधार नसतो.

आमच्या घरी अभियंता आला. मोडक्या पन्हळीचे पाणी पायाशी मुरत होते, हे त्याने दाखविले. पन्हळ व पाण्याचा निचरा आम्ही करून दिला. भिंतीच्या दुरुस्तीचा अंदाजी खर्च किमतीतून वजा केला. दोन्ही गोष्टी साठेखतात लिहिल्या आणि व्यवहार पार पडला. पैसे थोडे कमी आले. परंतु आजही त्या रस्त्याने जाताना गुरुजी चहाला बोलावतात.

पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे. घरपट्टीच्या थकबाकीचा दाखला वेळेवर द्या. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, तेवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही, हे ग्रामस्थांना समजावून सांगा. आणि शिक्षकबंधूंनो, कागद वाचून घेण्यासाठी गावकरी तुमच्याकडे येतात. त्यांना सही करण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारा: "घरात काय बिघडले आहे, ते यात लिहिले आहे का?"