आपल्या घरचा कागद
(पवई येथे झालेले व्याख्यान)



जुन्या कागदांवर व्याख्यान आहे असे ऐकून पुष्कळांस नवल वाटले असेल. दप्तर असावे सरदाराच्या वाड्यात, नाहीतर कुलकर्ण्याच्या कोनाड्यात. शेतकरी, कुंभार, सुतार, चांभार यांच्या घरी कसले आले आहे दप्तर? आमचे म्हणणे असे की, दप्तर प्रत्येक घरी आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर आहे, आजीच्या लुगड्याच्या घडीत आहे. फक्त त्याला दप्तर म्हणण्याची आपणांस सवय नाही. आणि ज्या वस्तूस नाव नाही ती वस्तू रद्दीवाल्याच्या काट्यावर जाण्यास वेळ लागत नाही.

प्रथम आपण उभे आहोत त्या जमिनीचेच पाहू. पवई, तिरंदाज, पासपोली, साकी, कोपरी, तुंगवा ही साष्टीतली जुनी गावे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात कंपनी सरकारने ती फ्रामजी कावसजी या पारशी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिली व ती पवई इस्टेट म्हणून ओळखली जाऊ लागली. फ्रामजीशेट उद्योगी गृहस्थ होते. त्यांनी येथे ऊस लावला, आंबे लावले, नीळ व तुती यांचे प्रयोग केले. 1838 साली त्यांनी व्हिक्टोरिया राणीस आंबे पाठविले, ही हकीकत पुस्तकांतून वाचावयास मिळते. ठीक आहे. परंतु त्या आंब्यांच्या आळ्यांत पाणी कोणी घातले? उसाच्या चरकाला खांदा कोणी दिला? त्यांपैकी एकाचे तरी नाव त्या पुस्तकांत आहे काय? पुढे 1891 च्या सुमारास मुंबईच्या म्युनिसिपालिटीने येथे तलाव बांधला. किती पाणी साठले, किती खर्च झाला, हे सारे कागदोपत्री आहे. दगड फोडणाऱ्यांची व पाट्या वाहणाऱ्यांची कहाणी मात्र त्यात नाही. 1958 साली स्थापन झालेली मोठी तंत्रशिक्षणसंस्था याच तलावाकाठी उभी राहिली, तिचाही इतिहास छापून निघतो. तो निघावाच. आमचा प्रश्न एवढाच की, या गावांचा व पाड्यांचा इतिहास कोठे आहे? असेल तर तो तुमच्या पेट्यांत आहे. तेथे नसेल तर कोठेच नाही.

इतिहास म्हणजे आभाळातून पडलेली वस्तू नव्हे. ज्यांनी कागद जपले त्यांचा इतिहास झाला. 1898 साली राजवाड्यांनी वाईस सापडलेल्या कागदांचा पहिला खंड छापला व पुढे गावोगाव फिरून खंडांमागून खंड काढले. 1910 साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. 1930 पासून चार-पाच वर्षांत सरदेसायांनी पेशवे दप्तरातून पंचेचाळीस भाग निवडून छापले. या लोकांचे कष्ट मोठे होते. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्यांस कागद मिळाले ते बहुधा वाड्यांत, मठांत, सावकाराच्या व वतनदाराच्या घरी. साहजिकच त्यांतून जो इतिहास निघाला तो मोहिमांचा, मसलतींचा व देण्याघेण्याचा निघाला. ज्या घोडेस्वाराची आई घरी नाचणी दळीत बसली होती तिचे पत्र कोणास मिळाले नाही, कारण तिला लिहिता येत नव्हते व तिच्यासाठी लिहिणारे कोणी नव्हते.

तरी आपले पूर्वज कागदावर मुळीच नव्हते असेही नाही. गावच्या तंट्याचा निवाडा होऊन महजर झाला म्हणजे त्यावर साऱ्या गावाची साक्ष पडे. अक्षर न येणारा पाटील सहीच्या जागी नांगर काढी. बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करीत. विचार करा, ज्यास लिहिणे शिकण्याची बंदी होती त्याने आपल्या धंद्याचे चित्र काढून सांगितले की, मीही येथे हजर होतो! असा कागद ज्या घरात असेल त्या घराने तो देवाच्या टाकाइतका जपावा.

आता कोणी म्हणेल, शेतकऱ्याला कागदाची भीती आहे, प्रेम नाही. खरे आहे, आणि त्यास कारणही आहे. 12 मे 1875 रोजी सुपे येथे शेतकरी उठले. पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी तोच प्रकार झाला. त्यांनी सावकारांच्या घरांतून काय मागितले? रोखे, खतपत्रे, डिक्र्या! ते हाती येताच त्यांची होळी केली. माणसांच्या जिवावर ते सहसा उठले नाहीत; कागदांवर उठले. कारण कर्जाचा कागद होता, तो सावकाराच्या पेटीत. फेडीची पावती नव्हती, म्हणून कुळाच्या हाती काहीच नव्हते. पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, त्यात रोख्यांची नोंदणी करावी, कुळाने पैसे भरले तर सावकाराने पावती द्यावी, अशी कलमे घालावी लागली. म्हणजे रयतेच्या हाती स्वतःचा कागद असावा, हे सरकारलाही दंगा झाल्यावर कळले. आपण त्या गोष्टीपासून धडा घ्यावयाचा तो हा की, दुसऱ्याच्या पेटीतला कागद जाळून न्याय टिकत नाही. आपल्या पेटीत आपला कागद असावा लागतो.

हा धडा आजही जुना झालेला नाही. 1948 च्या कुळकायद्याने कसणाऱ्यास हक्क मिळाला, पण हक्क शाबीत करताना प्रश्न आला तो खंडाच्या पावतीचा व पीकपाहणीतल्या नावाचा. गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेत 1 जानेवारी 1982 रोजी किंवा नंतर नोकरीत असल्याचा पुरावा लागतो. ज्याच्या विधवेने गिरणीचे तिकीट, पास व विम्याचे कार्ड लुगड्यात बांधून ठेवले तिचे काम सोपे झाले. मुलास जातीचा दाखला व त्याची पडताळणी हवी असेल तर इतर मागासवर्गीयांस 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विमुक्त व भटक्या जमातींस 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींस 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला मग सोन्याच्या मोलाचा होतो. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली, तेव्हा तालुक्या-तालुक्यास मोडी वाचणारा माणूस धुंडाळावा लागला. ज्या लिपीत आपल्या आजे-पणजांची नावे आहेत ती लिपी आपणांस वाचता येत नाही, याहून मोठी गरिबी कोणती?

पण कागद केवळ कचेरीत दाखविण्यासाठीच जपावयाचा नाही. माणसाचे मनही कागदावर असते. सावित्रीबाईंनी जोतीरावांस लिहिलेली तीन पत्रे आज आपणांस वाचावयास मिळतात. 1856, 1868 व 1877 या सालांची. त्यांतल्या शेवटच्या पत्रात जुन्नरकडील दुष्काळाची हकीकत आहे. ती तीन पत्रे नसती तर या बाईचे धैर्य आपण दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकले असते. जोतीरावांनी 1855 साली लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक छापून निघाले 1979 साली. मध्ये सव्वाशे वर्षे गेली! ते हस्तलिखित कोठे तरी टिकले म्हणून आपणांस लाभले. उलट 1877 साली कृष्णराव भालेकरांनी काढलेल्या ‘दीनबंधू’चे सुरुवातीचे अंक सलग मिळत नाहीत. घरोघर तो अंक वाचला गेला, आणि वाचून झाल्यावर त्यात मीठ-मिरची बांधली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1956 साली गेले; त्यांच्या लिखाणाचा पहिला सरकारी खंड 1979 साली निघाला. एवढ्या मोठ्या पुरुषाच्या कागदांस वीस वर्षांवर वाट पाहावी लागली, तर तुमच्या-आमच्या आजोबांच्या वहीस कोण विचारतो? ती आपणच विचारली पाहिजे.

आणि सामान्य घरची पत्रे जगात कोणी मोलाची मानीत नाही असेही समजू नका. पोलंड देशातले गरीब शेतकरी पोटासाठी अमेरिकेस गेले. त्यांची घरी व घरून आलेली पत्रे थॉमस व झ्नानिएत्स्की या दोन विद्वानांनी गोळा केली आणि त्यांवर 1918 ते 1920 या सालांत पाच भागांचा ग्रंथ छापला. शेतकऱ्याची पत्रे वाचून समाजाचे शास्त्र शिकता येते हे त्यांनी दाखविले. मग कोकणातून व देशावरून मुंबईस आलेल्या आपल्या माणसांची पत्रे काय कमी आहेत? मनिऑर्डरच्या कुपनावर चार ओळी लिहिलेल्या असत: बैलाचे औषध करा, मुलीस शाळेतून काढू नका, पाऊस कसा आहे ते कळवा. या चार ओळींत एक अख्खे घर आहे.

येथे एक कडू गोष्टही सांगावी लागेल. जुन्या कागदांत आपल्याच घराण्याला न शोभणारे काही निघते. एखाद्या पाटलाच्या घरी महारांकडून वेठ घेतल्याची नोंद निघेल. एखाद्या वाटणीपत्रात विधवा सुनेस चोळीबांगडीवर गुंडाळलेले दिसेल. असा कागद फाडून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. दुसऱ्यांनी आपल्या सोयीचा इतिहास लिहिला म्हणून आपण तक्रार करावयाची आणि आपला गैरसोयीचा कागद आपणच चुलीत घालावयाचा, हे दोन्ही चालणार नाही.

आता जपावयाचे कसे ते थोडक्यात सांगतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. या तलावाचे व विहारचे सांडपाणी घेऊन निघणारी मिठी नदी वस्त्यांत शिरली आणि असंख्य घरांची भांडी-कुंडी तशीच कागदपत्रेही पाण्यात गेली. म्हणून पहिला नियम, पेटी जमिनीवर नको, उंचावर ठेवा. दुसरा, जुन्या कागदास प्लास्टिकचे कव्हर यंत्राने चिकटवून घेऊ नका व फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत गोंद कागद खातो, आणि ते पुन्हा काढता येत नाही. तिसरा, टाचण्या व रबर काढून टाका. त्यांचा गंज व चिकटा अक्षरांवर बसतो. स्वच्छ, कोऱ्या सुती कापडात बांधा. पेशव्यांच्या दप्तराचे रुमाल असेच बांधलेले आहेत. चौथा, फोटोच्या मागे कोण, कोठले, कोणत्या साली, हे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. म्हातारे माणूस आहे तोवर विचारून घ्या. ते गेल्यावर फोटोतले चेहरे मुके होतात. पाचवा, मोबाइलवर प्रत्येक कागदाचे चित्र घ्या व दोन निराळ्या ठिकाणी ठेवा. पण चित्र घेतले म्हणून मूळ फेकू नका.

मूळ कागद कोणी गोड बोलून मागितला तर पावतीवाचून देऊ नका. सावकाराकडून आपण हे शिकलो आहो! घरी ठेवणे जमत नसेल तर जागा आहेत. मुंबईस सरकारचे पुराभिलेख दप्तर 1821 सालापासून आहे. पुणे, कोल्हापूर, नागपूर येथेही आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून 1978 पासून राजर्षी शाहू छत्रपतींचे कागद खंडशः छापले गेले. अशा ठिकाणी देताना यादी करावी, अटी लिहून घ्याव्यात, आणि घरातल्या लेकीसुनांच्या खासगी गोष्टी उघड होणार असतील तर त्यांची संमती आधी घ्यावी.

आमची मागणी मोठी नाही. येत्या रविवारी प्रत्येक घरात पेटी उघडा. लिहिता येणाऱ्या मुलीस वही द्या व यादी करावयास सांगा: कागद कोणता, साल कोणते, नाव कोणाचे. मोडी शिकण्यास आळीतले दोघे-तिघे तरुण पुढे या. घर पाडून नवी इमारत होत असेल तर सामान बांधताना भांड्यांआधी कागद बांधा. उद्या कोणी पवईचा इतिहास लिहावयास बसला तर त्यास राणीस पाठविलेल्या आंब्यांबरोबर ते आंबे पिकविणाऱ्यांची नावेही मिळाली पाहिजेत, आणि ती देणे आपल्या हाती आहे. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.