हिल्डे होल्गर : निर्वासित नर्तकीचे उत्तरायुष्य



रझाकारांच्या काळात घरादाराला कुलूप लावून सोलापूरकडे निघालेली कुटुंबे बिदर-कलबुर्गीच्या या सीमाभागाने पाहिली आहेत. म्हणूनच हिल्डे होल्गर या ज्यू नर्तकीची जीवनकथा येथील श्रोत्यांना परकी वाटू नये.

होल्गर यांचा जन्म १९०५ साली व्हिएन्ना येथे झाला. ऐन विशीत त्यांनी तेथे स्वतःची नृत्यशाळा काढली. मार्च १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि ज्यू कलावंतांना रंगमंच बंद झाला. १९३९ मध्ये त्या मुंबईस आल्या. मागे राहिलेली आई व अनेक आप्त मात्र नाझींच्या संहारात बळी पडले. मुंबईत डॉ. बोमन-बेहराम या पारशी होमिओपॅथशी त्यांचा विवाह झाला, आणि १९४१ मध्ये त्यांनी पुन्हा नृत्यशाळा उघडली. १९४८ साली हे कुटुंब लंडनला गेले.

तेथे १९४९ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याला डाऊन सिंड्रोम होता. अशा मुलांना जगण्यास अपात्र ठरवून नाझी राजवटीने ठार मारले होते. होल्गर यांनी मुलाला नृत्याच्या आधारे वाढवले. पुढे १९६८ मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्स या नामांकित नाट्यगृहात बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणांना घेऊन त्यांनी नृत्यप्रयोग सादर केला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

ज्यांना जगण्याचा हक्कच नाकारला गेला होता, त्यांना होल्गर यांनी मानाने रंगमंचावर उभे केले. त्यांच्या वाचलेल्या आयुष्याचे सार्थक यातच आहे.